कौल आणि कौलाचा अर्थ : गोवा, १६ जानेवारी १९६७

मराठीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : 'या कवितेतून कवीला काय सांगायचे आहे?' आम्ही विद्यार्थी असताना या प्रश्नाची उत्तरे लिहिली, आणि आता शिक्षक म्हणून ती तपासतो. हा प्रश्न कवीला विचारलेला नसतो, वाचकाला विचारलेला असतो, आणि तरीही उत्तर मात्र कवीच्या वतीने द्यायचे असते. यातली अडचण वर्गात आम्ही नेहमी सांगतो. पण हाच प्रश्न साहित्याच्या बाहेर, इतिहासात, कितीतरी अधिक गंभीरपणे उभा राहतो. लाखो माणसे एका दिवशी रांगेत उभी राहतात, कागदावर एक शिक्का मारतात, आणि पेटीत टाकतात. दुसऱ्या दिवसापासून पुढची पन्नास वर्षे इतर माणसे भांडत बसतात : त्यांना काय म्हणायचे होते?

प्रस्तुत लेखात आम्ही अशा एका मतदानाचा विचार करणार आहोत. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेतला गेला. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, एवढाच प्रश्न होता. मराठी भाषेच्या अध्यापकांना या घटनेबद्दल तटस्थ राहणे सोपे नाही. आम्ही ज्या वातावरणात वाढलो तिथे गोव्याचा विषय निघाला की 'गोवा हातचा गेला' असा सुस्कारा ऐकू येई. गोव्यातल्या मित्रांकडे गेलो की तीच तारीख उत्सवाची असे; १६ जानेवारी तिथे 'अस्मिताय दीस' म्हणून साजरा होतो. एकाच मतदानाचे हे दोन अर्थ. दोन्ही अर्थ लावणारे तितक्याच खात्रीने बोलतात. म्हणून हा विषय आम्हाला वाचनाचा विषय वाटतो.

'कौल' हा शब्द

आधी शब्दाकडे पाहू. संसदेने जो कायदा केला त्याचे नाव होते 'गोवा, दमण आणि दीव (ओपिनियन पोल) कायदा, १९६६'. 'सार्वमत' किंवा 'रेफरेंडम' असे म्हटलेले नाही. काश्मीरच्या संदर्भात 'सार्वमत' या शब्दाला त्या काळात जे वजन आले होते, ते पाहता हा संकोच समजण्यासारखा आहे. पण मराठीत आणि कोंकणीत या प्रकाराला 'जनमत कौल' म्हटले गेले, आणि त्या शब्दाने नकळत एक वेगळेच चित्र आणले.

कोकणातल्या देवळात कौल लावणे म्हणजे काय, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. गोव्यात त्याला प्रसाद घेणे, प्रसाद पाकळी घेणे म्हणतात. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, देवापुढे गाऱ्हाणे घालायचे आणि वाट पाहायची. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. देव बोलत नाही, पाकळी पडते. बोलतो तो गुरव. आणि मुख्य म्हणजे प्रश्न कसा घालायचा हेही आधी माणसांनीच ठरवलेले असते. 'लग्न करावे की करू नये' असे विचारले तर देवाला 'पुढच्या वर्षी करा' असे म्हणण्याची सोय नसते.

१९६७ च्या मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने. तिसरे चिन्ह नव्हते. गोव्याने स्वतंत्र घटक राज्य व्हावे असे ज्याला वाटत होते त्याच्यासाठी जागा नव्हती. विलीनीकरण व्हावे पण दहा वर्षांनी, असे ज्याला वाटत होते त्याच्यासाठीही नव्हती. आणि हे दोन्ही पक्ष काल्पनिक नव्हते; त्या काळच्या चर्चेत ते वारंवार दिसतात. म्हणजे मतदाराच्या मनात काय होते आणि त्याने कशावर शिक्का मारला यांत पहिल्याच पायरीवर अंतर पडले होते.

कौलापर्यंतची वाट

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. त्याआधी दीडच वर्ष, १ मे १९६० रोजी, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून महाराष्ट्र राज्य स्थापन झाले होते. बेळगाव-कारवारचा प्रश्न तसाच राहिला होता. आपला नकाशा अजून पुरा व्हायचा आहे, या भावनेने भारलेला महाराष्ट्र गोव्याकडे पाहत होता. दुसरीकडे म्हैसूर राज्यही गोव्यावर दृष्टी ठेवून होते. पंडित नेहरूंनी मात्र गोव्याचे वेगळेपण जपण्याचे आश्वासन दिले होते.

९ डिसेंबर १९६३ रोजी गोव्यात पहिली निवडणूक झाली. विधानसभेच्या ३० जागा होत्या : २८ गोव्याच्या, एक दमणची, एक दीवची. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १४ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्स पक्षाला १२. ज्या काँग्रेसच्या केंद्र सरकारने गोवा मुक्त केला, त्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. तिची एकमेव जागा दमणची होती. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. खाणमालक असले तरी ते बहुजन समाजातून आलेले होते. मगोचा जाहीरनामाच विलीनीकरणाचा होता, तेव्हा हा निकाल म्हणजेच विलीनीकरणाचा कौल, असे मगो पक्षाचे म्हणणे पडले. ते अगदीच अवाजवी नव्हते. पण ३० पैकी १४ जागा, म्हणजे निम्म्याहूनही कमी. त्यांवरून संपूर्ण प्रदेशाचे अस्तित्वच दुसऱ्या राज्यात मिळवून टाकायचे का? डॉ. जॅक द सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्सचा आक्षेप हाच होता. लोक पक्षाला मत देतात तेव्हा त्याच्या प्रत्येक मागणीला मत देतात असे नाही, असे ते म्हणत होते.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की अर्थ लावण्याचे भांडण कौलानंतर सुरू झाले नाही. कौल घेतला गेला तोच आधीच्या मतदानाच्या अर्थाबद्दल एकमत होईना म्हणून. १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला, महाराष्ट्र विधानसभेनेही केला, आणि म्हैसूरने विरोधी सूर लावला. गोव्यातले काँग्रेस नेते पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीत लोकांना थेट विचारण्याचा आग्रह धरला. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ३ डिसेंबर १९६६ पासून राष्ट्रपती राजवट आली. मतदानाला जेमतेम सहा आठवडे उरले होते.

मराठीतून मराठी राज्याला नकार

या सहा आठवड्यांचा आणि त्याआधीच्या तीन वर्षांचा प्रचार हा भाषेच्या अभ्यासकांसाठी विलक्षण विषय आहे. 'गोमन्तक' हे पणजीचे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या बाजूचे. मुंबईत अत्र्यांचा 'मराठा' त्याच बाजूचा. यात नवल नाही. पण मडगावहून निघणारे 'राष्ट्रमत' हे दैनिकही मराठीच होते, आणि ते विलीनीकरणाच्या विरोधातले सर्वांत प्रभावी शस्त्र ठरले. उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत. महाराष्ट्रात जायचे नाही, हे हिंदू वाचकाला पटवून द्यायचे तर ते मराठीतच पटवावे लागेल, कारण तो वर्तमानपत्र मराठीतच वाचतो, ही साधी वस्तुस्थिती त्यामागे होती. सभांमधून उल्हास बुयांव कोंकणी गाणी गात, मनोहरराय सरदेसाय कविता लिहीत, रवीन्द्र केळेकर विचार मांडत. वाचायचे मराठीत आणि गायचे कोंकणीत, अशी एक विभागणीच दिसते.

मडगाव हे गावही इथे लक्षात ठेवावे. १९३० मध्ये वामन मल्हार जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन तिथे भरले होते. पुन्हा १९६४ मध्ये, मुक्तीनंतर तीनच वर्षांनी, कुसुमाग्रजांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले ते मडगावलाच. हे गाव ज्या सासष्टी तालुक्यात आहे तो तालुका विलीनीकरणविरोधाचा बालेकिल्ला. मराठीचे संमेलन ज्या गावात भरते ते गाव महाराष्ट्राच्या बाजूनेच कौल देईल, असा हिशेब कोणी केला असेल तर तो चुकणारच होता. भाषेवरचे प्रेम आणि त्या भाषेच्या राज्यात जाण्याची इच्छा या दोन गोष्टी आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्या एकरूप झाल्या होत्या, म्हणून सगळीकडे त्या एकरूपच असतात असे आम्ही मराठी माणसांनी धरून चाललो.

आकडे काय सांगतात

मतदारयादीत ३,८८,४३२ नावे होती. मतदान केले ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. उरलेली ७,२७२ मते बाद झाली. फरक ३४,०२१ मतांचा. दमण आणि दीव येथे प्रश्न गुजरातेत विलीन होण्याचा होता. तिथेही लोकांनी केंद्रशासित राहणेच पसंत केले.

निकाल स्पष्ट होता, त्याबद्दल वाद नाही. पण 'गोव्याची जनता काय म्हणाली' असे एकवचनी वाक्य लिहिण्याआधी हे आकडे थोडे उलटून पाहावेत. वैध मतांपैकी दर शंभरांत ५५ जण एका बाजूला आणि ४५ जण दुसऱ्या बाजूला. बाजू बदलणारे १७,०११ मतदार निघाले असते तर निकाल उलटला असता. आज आपण मग महाराष्ट्राच्या एका समुद्रकाठच्या जिल्ह्याबद्दल बोलत असतो, आणि 'गोमंतकीय बहुजनांची महाराष्ट्रनिष्ठा' या विषयावर प्रबंध लिहिले गेले असते. मतदानाला न गेलेले ७०,७९९ होते, म्हणजे फरकाच्या दुपटीहून जास्त. एकूण नोंदलेल्या मतदारांत दोन पानांवर शिक्का मारणारे ४४ टक्के आणि फुलावर मारणारे ३६ टक्के. यावरून निकाल खोटा ठरत नाही. लोकशाहीत निर्णय असाच होतो आणि तो तसाच मानावा लागतो. परंतु निर्णय होणे वेगळे आणि एका समाजाचे अंतःकरण प्रकट होणे वेगळे. पहिल्याला बहुमत पुरते, दुसऱ्यासाठी ते पुरत नाही.

पाच वाचने

निकालानंतर जी वाचने पुढे आली त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिले वाचन महाराष्ट्रात लोकप्रिय झाले : ख्रिस्ती समाजाने विलीनीकरण हाणून पाडले. सासष्टी, बार्देश, तिसवाडी या जुन्या काबिजादीत ख्रिस्ती वस्ती दाट, आणि पेडणे, डिचोली, सत्तरी यांसारख्या नव्या काबिजादीत हिंदू वस्ती दाट. मतांचा कल ढोबळपणे तसाच दिसतो. पण साधा हिशेब करून पाहावा. ख्रिस्ती लोकसंख्या एकतृतीयांशाहून काहीशी अधिक होती. समजा प्रत्येक ख्रिस्ती मत दोन पानांवर पडले. तरीही ५५ टक्क्यांपर्यंत पोचायला उरलेल्या समाजातून चौथ्या हिश्श्याहून जास्त मते लागतात. आणि काही ख्रिस्ती मते फुलावर पडली असतील तर हिंदू मतांचा वाटा आणखी वाढतो. ही माणसे कोण होती? ज्या वाचनात त्यांना जागाच नाही, ते वाचन अपुरे आहे.

दुसरे वाचन वर्गाचे आहे : भाटकार विरुद्ध कूळ. सारस्वत आणि ख्रिस्ती जमीनदारांना आपले वर्चस्व टिकवायचे होते, कुळांना आणि मुंडकारांना त्यातून सुटायचे होते. या वाचनात पुष्कळ तथ्य आहे. महाराष्ट्रात कूळकायदा १९४८ पासून होता, गोव्यात तो १९६४ मध्ये, बांदोडकरांच्या काळात आला. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या त्याही याच काळात. ज्या घरातल्या पहिल्या मुलाच्या हातात पाटी आली ती मराठी पाटी होती, त्या घराला महाराष्ट्र म्हणजे नकाशावरचा प्रदेश वाटत नव्हता. ती प्रतिष्ठेची वाट होती. परंतु ख्रिस्ती कुळांनी आणि मुंडकारांनी फुलाला मते का दिली नाहीत, याचे उत्तर वर्गाच्या वाचनातून मिळत नाही. त्यांचाही भाटकार होताच.

तिसरे वाचन कोंकणीवाद्यांचे : हा कोंकणीचा विजय होता. चळवळीतल्या लेखक-कवींनी या लढ्याला जो आवाज दिला तो पाहता हे वाचन स्वाभाविक आहे. पण मतपत्रिकेवर भाषेचा प्रश्न नव्हता. आणि कौलाने भाषेचा प्रश्न सुटलाही नाही. साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली १९७५ मध्ये. राजभाषा कायदा झाला १९८७ मध्ये, तोही तीव्र आणि रक्तरंजित आंदोलनानंतर. त्यातही कोंकणीला राजभाषेचे स्थान देताना शासकीय कामकाजात मराठीच्या वापराला वाव ठेवावा लागला. आठव्या परिशिष्टात समावेश झाला १९९२ मध्ये. १९६७ चा कौल भाषेबद्दल असता तर पुढची वीस वर्षे भांडण्याचे कारण नव्हते.

चौथे वाचन दिल्लीचे : लोकांनी प्रादेशिकतेवर राष्ट्रीयतेला पसंती दिली, शेजारच्या राज्यापेक्षा केंद्राच्या छायेत राहणे निवडले. हे वाचन केंद्राला सोयीचे होते, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल.

पाचवे वाचन कोणा एकाचे नाही. ते व्यवहाराचे आहे आणि म्हणूनच त्याची फारशी गाणी झाली नाहीत. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता. माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराला आपल्या पोटाची काळजी होती. नोकऱ्यांत बाहेरचे लोक येतील ही भीती होती. मुक्तीनंतर प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांच्या वागण्याचा अनुभव ताजा होता. कामासाठी पणजीला जाणे आणि मुंबईला जाणे यांतला फरक कोणालाही कळत होता. विधानसभा जाऊन गोवा एक जिल्हा झाला तर आपले मुख्यमंत्रीही राहणार नाहीत, हा विचार बांदोडकरांवर प्रेम करणाऱ्या काहींच्या मनात आला असेल, तर त्यात विसंगती नाही. या मतांना 'अस्मिता' म्हणावे का? आम्हाला वाटते, त्यांना 'शहाणपण' म्हटले तरी पुरेल.

एकाहत्तर दिवसांनंतर

या कौलाच्या इतिहासातले सर्वांत कुतूहलाचे पान पुढेच आहे. २८ मार्च १९६७ रोजी, म्हणजे कौलानंतर ७१ दिवसांनी, गोव्यात विधानसभा निवडणूक झाली. विलीनीकरण हे ज्याच्या जन्माचे कारण तो मगो पक्ष हरला असेल, असे वाटेल. पण मगोला १६ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सला १२. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिले. मगोची सत्ता १९७९ पर्यंत टिकली.

याचे ठरलेले स्पष्टीकरण आम्हीही अनेक वर्षे वर्गात देत आलो : 'गोवेकरांनी विलीनीकरण नाकारले, पण बांदोडकर स्वीकारले.' वाक्य सुंदर आहे. मतदार किती चाणाक्ष असतो, हे त्यातून दिसते. एकदा एका विद्यार्थिनीने मात्र विचारले, 'सर, हे तेच मतदार होते हे आपल्याला कसे कळले?' आम्ही आकडे पुन्हा काढले. मार्चच्या निवडणुकीत मगोला पडलेली मते सुमारे ४० टक्के होती. जानेवारीत फुलाला पडलेली वैध मते ४४-४५ टक्के. म्हणजे फुलाचे जवळजवळ सर्व मतदार मगोकडेच राहिले आणि दोन पानांचे मतदार युनायटेड गोवन्स व अपक्ष यांच्यात विभागले गेले, असे धरले तरी निकाल असाच लागतो. एकाही मतदाराने विचार बदलण्याची किंवा दोन गोष्टींत विवेक करण्याची गरज पडत नाही. मतदानाची पद्धत बदलली, प्रश्न बदलला, आणि उत्तर बदलले. उत्तर देणारे कदाचित तेच, तिथेच, उभे होते.

दोन्ही स्पष्टीकरणे आकड्यांत बसतात. कोणते खरे, हे आकडे सांगत नाहीत. मतदान गुप्त असते, आणि ते असावेच. आम्ही त्या दिवशी वर्गात कबूल केले की आमचे सुंदर वाक्य हा पुरावा नव्हता. एक वाचन होते. आमच्या मते या इतिहासातला खरा धडा इथे आहे. जे अर्थ आपल्याला सर्वांत आवडतात, जे समाजाला शहाणे आणि कथेला सुबक ठरवतात, त्यांच्याकडेच पुरावा सर्वांत उशिरा मागितला जातो.

अन्यत्र, नंतर

हा प्रश्न गोव्यापुरता नाही. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने सुमारे ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी कौल दिला. बाहेर पडायचे म्हणजे कसे, हे मतपत्रिकेवर नव्हते. 'ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट' असे पंतप्रधान थेरेसा मे म्हणाल्या. शब्दाचा अर्थ तोच शब्द, अशी ही व्याख्या. त्यांचा करार २०१९ मध्ये संसदेने तीन वेळा फेटाळला, आणि प्रत्येक बाजू 'लोकांना हे हवे नव्हते' असेच म्हणत होती. प्रत्यक्षात ब्रिटन बाहेर पडले ३१ जानेवारी २०२० रोजी. तिथे संदिग्धता बदलाच्या पर्यायात होती. गोव्यात उलट घडले. विलीनीकरणाचा अर्थ साऱ्यांना कळत होता; 'आहे तसे राहणे' म्हणजे काय, हे मात्र उघडे राहिले. त्या उघड्या जागेत पुढे घटक राज्य (३० मे १९८७), राजभाषा, अस्मिता हे सारे येऊन बसले. दोन पानांवर शिक्का मारणाऱ्याने १९६७ मध्ये यांपैकी कशालाच मत दिले नव्हते. कदाचित साऱ्यालाच दिले होते.

फुलावर शिक्का मारणारे

शेवटी त्या १,३८,१७० माणसांविषयी. विजयाच्या इतिहासात ती 'विलीनीकरणवादी' म्हणून उरली. कधी कधी तर परक्यांच्या बाजूची म्हणून. पराभवाच्या इतिहासात ती 'मराठीचे निष्ठावंत' ठरली. दोन्हीकडे ती कोणाची तरी साक्षीदार आहेत, स्वतःची नाहीत. त्यांतल्या कितीकांना महाराष्ट्र हवा होता आणि कितीकांना केवळ आपल्या भाटकारापासून दूर जायचे होते? कितीकांना भाषा प्रिय होती आणि कितीकांना शाळा? त्यांच्यापैकी बहुतेकांची मायबोली, घरात बोलायची बोली, कोंकणीच होती. तरीही त्यांनी फुलावर शिक्का मारला. आम्हा मराठीच्या अध्यापकांनी त्यांना आपल्या बाजूचे म्हणून मोजले, पण त्यांना काय हवे होते हे विचारायला आम्ही गेलो नाही. गोवा 'हातचा गेला' म्हणून हळहळताना, तो आपल्या हातात होता असे आपण कशावरून धरले, हेही विचारले नाही.

बा. भ. बोरकर यांनी दोन्ही भाषांत लिहिले, आणि 'सासाय' या कोंकणी संग्रहासाठी त्यांना १९८१ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठीचा अभ्यासक्रम त्यांची एक बाजू शिकवतो आणि कोंकणीचा दुसरी. एका माणसाच्या बाबतीत आपण जे करतो तेच तीन लाख माणसांच्या बाबतीत केले तर आश्चर्य ते काय?

गुरवाशिवाय कौल पुरा होत नाही, हे मान्य करावेच लागेल. कोणीतरी सांगितल्याशिवाय पडलेली पाकळी नुसती पाकळीच असते. राज्यकर्त्यांना, पत्रकारांना, इतिहासकारांना आणि आम्हा शिक्षकांनाही हे सांगण्याचे काम करावेच लागते. पण चांगला गुरव गाऱ्हाणे घालताना एक काळजी घेतो : आपण देवाला काय विचारले होते, ते तो विसरत नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याला एकच गोष्ट विचारली गेली होती, आणि गोव्याने तेवढ्याच गोष्टीचे उत्तर दिले. बाकीचे सारे अर्थ आपले आहेत. ते लावायला हरकत नाही. फक्त त्यांच्याखाली सही आपली करावी, मतदारांची नव्हे.

असो. यंदाही परीक्षेत 'कवीला काय सांगायचे आहे' हा प्रश्न येईलच. उत्तरपत्रिका तपासताना 'मला असे वाटते की' अशी सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्याचा एक गुण आजवर आम्ही बहुधा कापत आलो. तो आता कापवणार नाही.